धक्काशोषक, खाली बसविलेल्या स्पोर्ट्‌स कारचे

आखूड व ताठ स्प्रिंगा घालून जमिनीजवळ आणलेल्या स्पोर्ट्‌स कारला मूळ धक्काशोषकांच्या जागी बसवावयाचे धक्काशोषक. गॅरेजच्या भाषेत यांना ‘शॉकअप’ म्हणतात. निवडताना ते किती कडक आहेत हे बहुधा आधी पाहिले जाते. प्रत्यक्षात बहुतेक चुका दट्ट्याच्या (पिस्टनच्या) धावेचा, म्हणजे तो नळीत किती सरकू शकतो याचा, हिशेब न केल्याने होतात. म्हणून धाव आधी आणि कडकपणा नंतर, हा क्रम येथे ग्राह्य धरला आहे.

संज्ञा व उगम : ‘धक्काशोषक’ हे नाव रूढ असले, तरी काटेकोर नाही. रस्त्याचा धक्का स्प्रिंग झेलते. त्यानंतर तिला येणारे हेलकावे हे उपकरण तेलाच्या रोधाने थोपविते व त्यांची ऊर्जा उष्णतेत बदलते. या दृष्टीने ‘अवमंदक’ ही संज्ञा अधिक अचूक ठरते. ब्रिटिश लेखनातील ‘डॅम्पर’ याच अर्थाचा आहे.

उगमाबाबत एकमत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस किंवा विसाव्याच्या अगदी आरंभी फ्रान्समध्ये त्र्युफो याने घर्षणावर चालणारे साधन केले. अमेरिकेत हार्टफर्ड याने ते सुमारे १९०४ पासून प्रचारात आणले. काही लेखक येथूनच इतिहास सुरू करतात. मात्र घर्षणाच्या चकत्या हालचाल सुरू होतानाच सर्वाधिक अडवितात, तर तेलाचा रोध वेगाबरोबर वाढतो. आजच्या उपकरणाचे मर्म या दुसऱ्या गुणात असल्याने मोरिस हूदाय याच्या १९०८ व १९०९ च्या पेटंटांना आरंभबिंदू मानणे अधिक सयुक्तिक वाटते. हूदायचे उपकरण तरफेचे होते. नळीच्या आकाराचे ‘टेलेस्को’ १९१२ मध्ये लंडनच्या ऑलिंपिया प्रदर्शनात मांडले गेले होते, पण नळीचा आकार सार्वत्रिक होण्यास त्यानंतर बराच काळ गेला. उच्च दाबाच्या वायूचा एकनळी (तेल व वायू एकाच नळीत असलेला) प्रकार फ्रेंच अभियंता द कार्बों याच्या नावे सांगितला जातो. जर्मनीच्या बिलश्टाइनने तो १९५० च्या दशकात, बहुधा १९५७ मध्ये, मर्सिडीझ-बेंझ गाड्यांवर आणला.

धावेचा हिशेब : गाडी उभी असताना दट्ट्याला दबण्यासाठी उरलेली एकूण धाव आणि त्यातील रबरी किंवा फेसाळ पॉलियुरेथेनच्या गुटक्याने (बंप स्टॉप) व्यापलेली लांबी, हे दोन आकडे आधी मोजावे लागतात. समजा एकूण धाव ६५ मि.मी. व गुटका ४५ मि.मी. आहे. म्हणजे मोकळी धाव २० मि.मी. उरली. दुहेरी विशबोन निलंबनात (चाक एकावर एक अशा दोन भुजांनी धरलेल्या रचनेत) धक्काशोषक चाकाच्या आत, भुजेवर बसतो. चाक १ मि.मी. हलले, तर तो साधारण ०.७ मि.मी. हलतो. गाडी ३० मि.मी. खाली आणली की त्याची २१ मि.मी. धाव खर्च होते, म्हणजेच गाडी उभ्या जागीच गुटक्यावर टेकते. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये (धक्काशोषकच चाकाला धरणारा खांब असतो अशा रचनेत) हे गुणोत्तर जवळजवळ १ असते. तेथे ३० मि.मी. उतरविल्यास जवळपास तेवढीच धाव जाते.

गुटक्यावर टेकलेली गाडी सरळ रस्त्यावर नुसती कडक वाटते. खरा धोका वळणात असतो. गुटका दबू लागताच त्या चाकाचा ताठरपणा एकदम अनेक पटींनी वाढतो आणि पकड सुटते. पुढचा गुटका आधी लागला, तर गाडी वळणाबाहेर सरकते. मागचा लागला, तर शेपूट फिरते. गुटका अर्धा कापून टाकणे हा प्रचलित उपाय दुनळी (एका नळीत दुसरी नळी असलेल्या) धक्काशोषकाला घातक आहे, कारण मग दट्ट्या तळाच्या झडपेवर आदळतो. योग्य उपाय आखूड नळीचा धक्काशोषक हाच. बिलश्टाइनचा बी ६ हा प्रकार मूळ उंचीसाठी व बी ८ हा आखूड, खाली बसविलेल्या गाडीसाठी असतो. दोन्ही बाहेरून सारखेच पिवळे दिसतात, त्यामुळे खरेदीत गफलत होते. पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ ला (१९८९–९७) चारही चाकांना दुहेरी विशबोन आहे व तिची दबण्याची धाव मुळातच तोकडी आहे. तिला दुसऱ्या पिढीची वरची माउंट (धक्काशोषकाचा माथा धरणारी बैठक) बसवून धावेला अधिक जागा मिळविण्याची पद्धत जाणकारांत रूढ आहे.

धाव उलट दिशेनेही पाहावी. गाडी जॅकवर उचलली असता आखूड स्प्रिंग बैठकीत सैल होऊन खडखडत असेल, तर धक्काशोषक तिच्या मानाने लांब आहे. अशी स्प्रिंग खड्ड्यानंतर बैठकीबाहेर सरकू शकते.

अवमंदनाचे प्रमाण : स्प्रिंग ३० टक्के ताठ केली म्हणून अवमंदन ३० टक्के वाढवावे लागत नाही. क्रांतिक अवमंदन (हेलकावा न येता स्प्रिंग मूळ जागी परतण्यास लागणारे किमान अवमंदन) ताठरपणाच्या वर्गमुळानुसार वाढते. एका चाकावर २३० किग्रॅ. भार व चाकापाशी ताठरपणा २० न्यूटन/मि.मी. असल्यास ते सुमारे ४,२९० न्यूटन-सेकंद/मीटर येते. ताठरपणा २६ केल्यास ४,८९० होते, म्हणजे वाढ १४ टक्के. गाडीच्या हेलकाव्यांची वारंवारता १.४८ वरून १.६९ हर्ट्‌झ होते. मूळ धक्काशोषक नवे असताना अवमंदनाचे गुणोत्तर (प्रत्यक्ष भागिले क्रांतिक) ०.३५ असेल, तर नव्या स्प्रिंगेवर ते ०.३१ पर्यंत उतरते. झिजलेल्या जोडीवर अर्थात त्याहून खाली. रस्त्यावरच्या स्पोर्ट्‌स कारसाठी ०.४ ते ०.५ पुरेसे असते. निर्मात्यांचे आकडे रूढीने ०.५२ मीटर/सेकंद या वेगाला दिलेले असतात आणि ताणण्याचा रोध दबण्याच्या दुप्पट-तिप्पट असतो. परंतु वळणातील झुकाव याहून बऱ्याच कमी वेगाने घडतो, म्हणून मिळाल्यास संपूर्ण आलेख पाहावा.

कोनी या निर्मात्याच्या पिवळ्या ‘स्पोर्ट’ प्रकारात बहुधा फक्त ताणण्याचा रोध बदलता येतो. सर्वांत मऊ बिंदूपासून पाव-पाव फेरा वाढवत जावे. तो फार वाढविल्यास लागोपाठच्या खड्ड्यांत चाक वेळेत परत खाली येत नाही, गाडी पायरीपायरीने खचते आणि पुन्हा गुटक्यावर जाते.

एकनळी व दुनळी : दुनळी प्रकारात वायूचा दाब साधारण ३ ते ८ बार, एकनळीत २० ते ३० बार. एकनळी लवकर तापत नाही व तेलाला फेस येऊ देत नाही. पण तेल व वायू वेगळे ठेवणारा तिचा तरंगता दट्ट्या लांबी खातो, म्हणून तेवढ्याच नळीत धाव कमी मिळते. शिवाय वायू दट्ट्याच्या दांड्याला बाहेर ढकलतो. १२ मि.मी. व्यासाच्या दांड्यावर २५ बारला हा जोर सुमारे २८० न्यूटन होतो. वरील उदाहरणात (चाकापाशी ताठरपणा २६ न्यूटन/मि.मी. व गुणोत्तर ०.७ धरून) गाडी त्यामुळे सुमारे साडेसात मि.मी. वर येते. उंची ठरविताना हे धरले नाही, तर स्प्रिंगेला उगाच दोष दिला जातो.

बसविणे : उंची जमिनीपासून नव्हे, तर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजावी, म्हणजे टायरच्या हवेचा फरक पडत नाही. दुनळी धक्काशोषक उभा धरून तीन-चार वेळा पूर्ण दाबून-ताणून आतली हवा काढावी. दांडा पकडीने धरू नये. क्रोमवर पडलेला ओरखडा सील फाडतो व काही महिन्यांत तेल गळू लागते. माथ्याचा नट हवेच्या गनने आवळल्यास दांडाच फिरतो. रबरी बुशांचे बोल्ट गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच शेवटचे आवळावेत. चाके लोंबत असताना आवळलेले बुश कायम पिळलेले राहतात आणि फाटतात. एका आसाची जोडी एकत्रच बदलावी. दांड्यावर केबल टाय सरकवून ठेवल्यास खरी धाव किती वापरली जाते हे कळते. टाय रोज गुटक्यापर्यंत पोचत असेल, तर निवड चुकलेली आहे. काहीशे किलोमीटरनंतर स्प्रिंगा बसल्या की अलाइनमेंट व हेडलाइटचा रोख तपासावा.

कायदा : जर्मनीत असा बदल प्रमाणपत्राने किंवा तपासणीनंतर कागदपत्रांत नोंदवून मान्य होतो. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून दूर जाणारे बदल रोखते व सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निर्णयात या कलमाचा कडक अर्थ लावला. मूळ उंचीवर तशाच मापाचा धक्काशोषक बदलणे ही मात्र नेहमीची दुरुस्ती समजली जाते.