फोन उचलला की इंटरनेट का जातं?

लँडलाइन आणि डीएसएल इंटरनेट तांब्याच्या एकाच दोन तारांवरून येतात, तरी एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. बोलणं ३०० ते ३४०० हर्ट्झमध्ये आटोपतं. एडीएसएल, म्हणजे डीएसएलचा घरांत नेहमी दिसणारा प्रकार, साधारण २५ किलोहर्ट्झच्या वर सुरू होतं आणि ११०० किलोहर्ट्झपर्यंत जातं. म्हणजे फोनमुळे इंटरनेट तुटत असेल तर कुठेतरी बिघाड नक्की आहे, आणि ते नेमकं कधी तुटतं यावरून बिघाडाची जागा बरीचशी कळते.

आधी मॉडेमवरचा डीएसएलचा दिवा पाहा. कॉल चालू असताना तो स्थिर असेल आणि फक्त वायफायवरचं नेट गेलं असेल, तर लाइन ठीक आहे. बहुधा २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा कॉर्डलेस फोन वायफायला अडवतोय. लॅपटॉप केबलने मॉडेमला जोडून खात्री करा आणि वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्या, नाहीतर कॉर्डलेसचा बेस लांब ठेवा.

दिवा लुकलुकायला लागला तर मात्र दोष तारांकडे. रिसीव्हर खाली असताना लाइनवर एक्स्चेंजकडून सुमारे ४८ व्होल्ट डीसी असतो आणि करंट जवळपास शून्य. रिसीव्हर उचलला की २० ते ४० मिलीअँपिअर करंट वाहू लागतो, व्होल्टेज १०च्या आसपास उतरतं आणि फोनचं सर्किट लाइनला जोडलं जातं. मध्ये फिल्टर, म्हणजे फोनकडे फक्त बोलण्याचा सिग्नल जाऊ देणारी छोटी डबी, नसेल तर हे सर्किट डीएसएलचा बराचसा सिग्नल गिळतं. उचलताक्षणी नेट जाण्याचं नेहमीचं कारण हेच: एखादा फोन फिल्टरशिवाय आहे किंवा फिल्टर खराब झालाय. बेडरूममधलं विसरलेलं एक्स्टेन्शन, फॅक्स, कॉलर आयडीची डबी, घरफोडीचा अलार्म हे सगळे यात मोजायचे. मॉडेमला मात्र फिल्टर लावायचा नाही, त्याचाच सिग्नल अडेल.

उचलल्यावर नाही, पण घंटा वाजताच नेट जातं? घंटेसाठी लाइनवर ७५ ते ९० व्होल्ट एसी येतो. ओलसर इन्सुलेशन किंवा सैल जोड नेमका तेव्हा उघडा पडतो. फिल्टर बदलून पाहाच, पण संशय जोडावर ठेवा.

शोधायची रीत कंटाळवाणी आहे, पण तीच खरी. सगळी उपकरणं काढा. बाहेरून येणारी तार घरात जिथे पहिल्यांदा पोचते तिथे स्प्लिटर, म्हणजे फोनचा आणि इंटरनेटचा सिग्नल वेगळा करणारी डबी, लावा: लाइन, फोन, मॉडेम अशी तीन तोंडं असतात, आणि शेवटची दोन उलटी लावलेली फार घरांत सापडतात. एक साधा वायरचा फोन जोडा, दुसऱ्या नंबरवरून कॉल करून घ्या. चाललं, तर एकेक उपकरण परत जोडत जा. तुटलं, तर स्प्लिटर बदला. तरीही तुटलं तर दोष बहुधा बाहेर.

या वेळी मॉडेमच्या स्टेटस पानावर एसएनआर मार्जिन वाचा, म्हणजे लाइनवरच्या गोंगाटापुढे सिग्नलला किती मोकळीक उरलीय याचा आकडा. सहसा ६ डेसिबल किंवा जास्त हवं. फोन उचलल्यावर एखाद-दोन डेसिबलने घसरलं तर सोडून द्या. १० वरून ३ वर आलं तर चोर सापडलाच.

जोड तपासायला भिंतीवरची डबी उघडा. स्क्रूखाली तांबं हिरवट किंवा काळं पडलेलं दिसेल, किंवा नुसत्या पीळ देऊन टेप गुंडाळलेल्या तारा. खराब टोक दोनेक सेंटीमीटर कापा, नवीन तांबं सोलून घट्ट आवळा. घंटा वाजत असताना हात लावला तर झटका बसतो, आणि पावसाळी गडगडाटात हे काम अजिबात नको.

एक उलटा प्रकारही होतो: एरवी रडत चालणारं नेट कॉल चालू असेपर्यंत झकास चालतं. गंजलेल्या जोडावर ऑक्साइडचा पातळ थर बसलेला असतो, कॉलचा करंट तो फोडतो, रिसीव्हर ठेवला की थर पुन्हा आडवा येतो. लाइनमनला एवढं सांगितलंत तर तो फिल्टरच्या मागे न लागता थेट जोड शोधेल.

घरी फायबर असेल तर यातलं तांब्याच्या तारांबद्दलचं काहीच लागू नाही. तिथे घंटेचं व्होल्टेज फायबरचा मॉडेमच तयार करतो. कॉल येताच तो रीस्टार्ट होत असेल तर बहुधा अॅडॉप्टर थकलाय. मॉडेमच्या तळाशी छापलेल्या व्होल्ट-अँपिअरचाच नवा लावा.