समोच्चारी इंग्रजी शब्द आणि गोव्यातील मराठी

उच्चार एक, अर्थ वेगळे आणि बहुतेक वेळा स्पेलिंगही वेगळे, अशा शब्दांना समोच्चारी शब्द म्हणतात. इंग्रजीत त्यांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी आहे. 'सी' म्हणजे समुद्र आणि 'सी' म्हणजे पाहणे. 'नाइट' म्हणजे रात्र आणि 'नाइट' म्हणजे चिलखत घातलेला सरदार. 'राइट' तर बरोबर, लिहिणे आणि धार्मिक विधी अशा तिन्ही अर्थांनी येतो, प्रत्येक वेळी वेगळे स्पेलिंग घेऊन. अनेकार्थी शब्दांची गोष्ट निराळी. तिथे शब्द एकच असतो आणि त्याला अर्थांच्या फांद्या फुटतात. गोव्यातले जवळचे उदाहरण म्हणजे 'बार'. वकिलांचा बार, दारूचा बार आणि नदीच्या मुखाशी साचणारा वाळूचा बार हे तिन्ही आडव्या दांड्यासाठी असलेल्या एकाच जुन्या फ्रेंच शब्दातून आले आहेत. मांडवीच्या मुखाशी आग्वादजवळ पावसाळ्यात हा तिसरा बार वाट अडवतो. म्हणून खनिजाच्या बार्ज त्या दिवसांत कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत उतरून मुरगाव बंदर गाठत.

समोच्चारी शब्द इतके झाले कसे, याचे उत्तर उच्चार आणि स्पेलिंग यांच्या फारकतीत आहे. साधारण 1400 ते 1700 या काळात इंग्रजीतले दीर्घ स्वर एकामागोमाग एक आपली जागा सोडून सरकले. भाषाशास्त्रात याला महास्वरपरिवर्तन म्हणतात. समुद्र आणि पाहणे यांचे 'सी' तोवर वेगळे ऐकू येत. 1700 च्या सुमाराला ते एक झाले. भेटण्याचे 'मीट' आणि मांसाचे 'मीट' यांचेही तेच झाले. सरदाराच्या 'नाइट'मधला सुरुवातीचा 'के' पूर्वी स्पष्ट उच्चारला जाई. तो गळाला तशी त्याची आणि रात्रीची गाठ पडली. दरम्यान विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टर येथे छापखाना काढला होता. छापील पुस्तकांमुळे स्पेलिंग हळूहळू थिजत गेले, तोंड मात्र चालत राहिले. आजच्या विद्यार्थ्याला छळणारे बरेचसे स्पेलिंग हे मेलेल्या उच्चारांचे सांगाडे आहेत.

काही जोड्या मुळात जोड्या नव्हत्याच. पिठाचा 'फ्लार' आणि फुलाचा 'फ्लार' हा एकच शब्द. धान्याच्या पिठातला सर्वांत बारीक, निवडक भाग म्हणजे त्याचे 'फूल', एवढाच मूळ संबंध. सॅम्युएल जॉन्सनच्या 1755 च्या शब्दकोशातही त्यांची नोंद वेगळी नव्हती. पुढे स्पेलिंग दोन झाली आणि लोकांनी नाते विसरून टाकले.

उलट प्रकारही आहे. 'ओ-यू-जी-एच' या चार अक्षरांनी संपणारे शब्द पाहावेत : टफ, कॉफ, दो, थ्रू आणि झाडाच्या फांदीसाठीचा बाव. शेपूट एक, उच्चार पाच. तिकडे ब्लू, शू, टू, क्रू आणि हाच थ्रू यांचे यमक बिनचूक जुळते, पण शेवटच्या अक्षरांत मेळ नाही. इंग्रजी कवितेचे यमक कानाने तपासायचे असते, डोळ्यांवर भरवसा ठेवला की फसगत ठरलेली. मराठी वाचकाला हे खटकते, कारण देवनागरीत लिहिलेले आणि ऐकलेले यमक सहसा एकच असते. सहसा, नेहमी नव्हे : थोडेसे या अर्थाचा 'जरा' आणि म्हातारपण या अर्थाचा 'जरा' लिहायला सारखे, पण दोन्हींतला 'ज' निराळा. शिवाय आपल्या काव्यशास्त्रातले यमक म्हणजे नुसती शेवटची जुळणी नव्हे. तीच अक्षरे त्याच क्रमाने, पण वेगळ्या अर्थाने पुन्हा आणणे, हे त्याचे खरे लक्षण. मोरोपंतांच्या आर्या त्यासाठीच गाजल्या. समोच्चारी शब्दांची हौस इंग्रजांचीच, असे समजायचे कारण नाही.

इंग्लंडात जे शब्द समोच्चारी आहेत, ते सगळे आपल्याकडे तसे राहत नाहीत. दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण उच्चारात व्यंजनाआधीचा आणि शब्दाअखेरचा 'र' गळतो. त्यामुळे तिथे न्यायालयाचा 'कोर्ट' आणि पकडले या अर्थाचा 'कॉट' एकसारखे, खायचा 'सॉस' आणि उगमाचा 'सोर्स'ही एकसारखे. मराठी माणूस 'र' सोडत नाही, म्हणून हा घोळ त्याच्या वाट्याला येतच नाही. लोहखनिजाचा 'ओर', होडीच्या वल्ह्याचा 'ओर' आणि 'किंवा' या अर्थाचा 'ऑर' हे लंडनला एकच ऐकू येतात. गोव्यात 'किंवा' वेगळा पडतो. वल्हे आणि खनिज तेवढे एकत्र राहतात.

पण एका हाताने मिळाले ते दुसऱ्या हाताने जाते. मराठीत 'ए' हा स्वर एकच, त्यात ऱ्हस्व-दीर्घ असा भेद नाही. आणि दातांनी ओठ दाबून म्हणायचा 'व्ही' व ओठांचा चंबू करून म्हणायचा 'डब्ल्यू' या दोघांना मिळून एक 'व'. परिणाम 'वेस्ट' या शब्दात पाहावा. पश्चिम दिशा, कंबर, कचरा आणि अंगातला बनियन, असे चार इंग्रजी शब्द मराठी तोंडात एकाच अक्षरजोडीत येऊन बसतात. इंग्लंडात यांपैकी कंबर आणि कचरा एवढेच खरे समोच्चारी. तसेच लेखणी आणि वेदना दोन्ही 'पेन', मिरी आणि वर्तमानपत्र दोन्ही 'पेपर', चाचणी आणि चव दोन्ही 'टेस्ट', कर्ज आणि तारीख दोन्ही 'डेट'. 'बेट'मध्ये पैज आणि गळाचे आमिष एकत्र येतात, आणि वर मराठी बेट आहेच. दिवाडी बेटावर जायचे तर फेरीबोट धरावी लागते. तिथेही नदी ओलांडणारी 'फेरी', गोष्टीतली परी 'फेरी' आणि आपली प्रभातफेरीतली फेरी असा त्रिवेणी संगम होतो. धक्क्यावर 'फेरी चुकली' म्हटल्यावर परीचा विचार कोणाच्या मनात येत नाही, हा भाग वेगळा.

इकार-उकारांची अडचण याहून सूक्ष्म आहे. शेवटच्या अकारान्त अक्षराआधीचा इकार किंवा उकार दीर्घ म्हणायची मराठीची सवय आहे : तीन, ऊस, दूध. त्या सवयीने जहाजाचा 'शिप' ताणला जातो आणि मेंढीच्या 'शीप'पर्यंत पोचतो. भरण्याचा 'फिल' वाटण्याच्या 'फील'मध्ये मिसळतो. ट-थ, ड-द यांच्या बाबतीत मात्र मराठी कान तयार असतो. डबा या अर्थाचा 'टिन' आणि बारीक या अर्थाचा 'थिन', किंवा दिवसाचा 'डे' आणि 'ते लोक' म्हणणारा 'दे' यांत आपली गल्लत होत नाही. मूर्धन्य आणि दंत्य वर्ण लहानपणीच वेगळे झालेले असतात. बॅट आणि बॉल यांतले स्वर मराठीत मूळचे नव्हेत, पण त्यांच्यासाठी चंद्राचे चिन्ह रुळले आणि लिहिण्यापुरता तरी प्रश्न मिटला. 'ए'साठी अशी दुसरी खूण कोणी रुजवली नाही.

गोव्यात या चित्राला आणखी एक रंग आहे. 1987 च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही राजभाषा झाली आणि शासकीय कामात मराठीच्या वापरालाही मुभा राहिली. व्यवहारात अनेक घरांत बोलणे कोकणी, वर्तमानपत्र मराठी आणि पाचवीपासूनचे शिक्षण इंग्रजी, असा संसार चालतो. कोकणीत उघडा 'ए' आणि मिटका 'ए', तसेच दोन प्रकारचे 'ओ' हे वेगळे स्वर आहेत. म्हणजे लेखणी आणि वेदना यांतला फरक ओळखण्याजोगा कान गोमंतकीय मुलाला घरातूनच मिळालेला असतो. पण कोकणीची देवनागरीही हा भेद दाखवत नाही, आणि इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून पाठ केले की तयार कान वाया जातो. गोव्यात इंग्रजी शिकवताना या शिदोरीचा उपयोग व्हावा तितका होत नाही, असे म्हणणे भाग आहे.

रोमन अक्षरे आणि उच्चार यांचे जमत नाही, हे तर गोवेकराला गावच्या पाटीवरच कळते. शेल्डे गावाचे नाव रोमन लिपीत 'एक्स'ने सुरू होते, कारण पोर्तुगीजांत तो 'श' आहे. डिचोलीचे स्पेलिंग 'बी'ने सुरू होऊन 'एम'ने संपते. हा शेवटचा 'एम' नासिक्य उच्चाराची पोर्तुगीज खूण, तो ओठ मिटून म्हणायचा नसतो. बाहेरून आलेला पर्यटक मात्र पेडण्याला बिनदिक्कत 'पर्नेम' म्हणतो. सत्तरीतल्या होंडा गावाची मोटारगाडीशी झालेली भेट हा निव्वळ योगायोग. पोर्तुगीजांतून मराठीत आलेल्या 'पाव'नेही असाच एक समोच्चारी जोड निर्माण केला : भट्टीतला पाव आणि चौथा हिस्सा असलेला पाव. 'पाव किलो पाव' ही मराठीतली सर्वांत सोपी समोच्चारी कसरत.

शाळेत या शब्दांची परीक्षा श्रुतलेखनात होते. नुसता 'सेल' शब्द घातला तर विकणे, विक्री, जहाजाचे शीड, पेशी, तुरुंगातली कोठडी आणि घड्याळातली बॅटरी यांपैकी काय लिहायचे, ते मुलाने ठरवायचे कसे? म्हणून जाणते शिक्षक आधी अख्खे वाक्य वाचतात आणि मग त्यातला शब्द पुन्हा उच्चारतात. बोलण्यात अर्थ ठरवते ते आजूबाजूचे वाक्य, त्यामुळे प्रत्यक्ष संभाषणात घोटाळे क्वचितच होतात. होतात ते लिहिताना, आणि संगणकाची स्पेलिंग-तपासणीही ते पकडेलच असे नाही, कारण चुकीच्या जागी बसलेला शब्द स्वतः बरोबरच लिहिलेला असतो.