रस्सा कुणाला, फोडी कुणाला

कंदुरीचा, म्हणजे नवसाच्या बोकडाच्या जेवणाचा, सांगावा आला की मराठवाड्यात आजूबाजूच्या गावांतून माणसं जेवायला येतात. बोकड मोजके आणि पंगती भरपूर, त्यामुळे वाढप्याच्या बादलीत रस्साच जास्त असतो. काळ्या मसाल्याचा तर्रीदार रस्सा, त्यात चुरलेली ज्वारीची भाकरी आणि नशिबात असतील तेवढ्या फोडी. पोट भरतं, जीवही निवतो. पण शरीराला काय मिळालं, हे ताटात रस्सा किती आणि फोडी किती पडल्या यावर ठरतं.

मटण शिजताना चरबी, थोडे क्षार, हाडाजवळचं जिलेटिन आणि पाण्यात विरघळणारी काही जीवनसत्त्वं रश्शात उतरतात. बाळंतिणीला किंवा आजाऱ्याला अळणी पाणी देतात, ते अगदीच वाया जात नाही. प्रथिनं आणि लोह मात्र बहुतांशी फोडीतच राहतात. आता रविवारचं घर आठवा. अर्धा किलो मटण, फोडी आधी गड्यांना, मग लेकरांना आणि जिनं चुलीपुढं बसून ते शिजवलं तिच्या वाट्याला तळाचा रस्सा. दर महिन्याला पाळीत लोह गमावणारीही तीच. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. याला कारणं अनेक आहेत, पण वाढण्याची ही रीत त्यातून सुटत नाही.

वशाटाचं, म्हणजे मांसाहाराचं, कौतुक बहुतेकदा प्रथिनांसाठी होतं. मला ते थोडं अस्थानी वाटतं. शंभर ग्रॅम कच्च्या मटणात सुमारे वीस ग्रॅम प्रथिनं असतात आणि तेवढ्याच कोरड्या तूरडाळीतही साधारण तेवढीच. ज्वारीत लायसीन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते वरण भरून काढतं. मांसातली प्रथिनं अधिक चांगली पचतात, हे खरं. पण रोज पुरेशी डाळ खाणाऱ्याचं त्यावाचून अडत नाही. अडतं ते लोह आणि बी-१२ या दोन ठिकाणी.

मांसातलं बरंचसं लोह हीम नावाच्या रेणूत बसलेलं असतं आणि त्यातलं साधारण १५ ते ३५ टक्के आतडं शोषून घेतं. ज्वारी, डाळी, पालेभाज्यांतल्या लोहाला त्यांच्यातलीच फायटेट नावाची संयुगं धरून ठेवतात, त्यामुळे त्यातलं अनेकदा दहा टक्केही अंगी लागत नाही. विशेष म्हणजे त्याच जेवणात थोडं मांस असेल तर भाकरी-वरणातलं लोहही जास्त शोषलं जातं. म्हणून महिन्यातून एकदा ताटभर मटण चापण्यापेक्षा आठवड्याला दोन-चार फोडी भाकरीबरोबर खाणं जास्त फायद्याचं. वर लिंबू पिळलं तर आणखी बरं. जेवण होताच चहा घेतला, तर त्यातले टॅनिन केलेल्यावर पाणी फिरवतात.

बी-१२ची गोष्ट तर त्याहून रंजक आहे. हे जीवनसत्त्व झाड बनवत नाही, बोकडही बनवत नाही. ते बनवतात जिवाणू. धाराशिव-लातूरकडची काळी उस्मानाबादी शेळी बाभळीचा पाला ओरबाडते. तिच्या कोटीपोटातले, म्हणजे चारा आंबतो त्या पहिल्या पोटातले, जिवाणू चाऱ्यातलं कोबाल्ट वापरून बी-१२ तयार करतात, ते पुढे तिच्या आतड्यात शोषलं जातं आणि काळजात, म्हणजे यकृतात, साठतं. आपल्या मोठ्या आतड्यातही असे जिवाणू असतात. पंचाईत अशी, की बी-१२ शोषण्याची जागा लहान आतड्याच्या शेवटाला, म्हणजे त्यांच्या अलीकडेच संपते. १९२६ साली बॉस्टनच्या मायनट आणि मर्फी यांनी तेव्हा जीवघेण्या असलेल्या एका रक्तक्षयाच्या रुग्णांना काळीज खाऊ घालून वाचवलं. १९३४चं नोबेल त्यांना व्हिपल यांच्यासोबत मिळालं. काळजातलं बी-१२ वेगळं निघायला मात्र १९४८ उजाडलं. खाटकाकडे काळीज मागून घेणारी म्हातारी माणसं काही चुकत नव्हती. फक्त गरोदरपणात ते ढीगभर खाऊ नये, कारण त्यात अ जीवनसत्त्व फार असतं.

कर्करोगाचं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक ठरवलं. रोज पन्नास ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. साध्या लाल मांसाला 'बहुधा कर्करोगकारक' म्हटलं आहे. सॉसेज-सलामी या यादीत येतात, तशा मीठ लावून वाळवलेल्या चान्याही, म्हणजे मांसाच्या पट्ट्याही, येऊ शकतात. पण ज्या घरांत चान्या वाळत, तिथं ताजं मांस क्वचितच मिळे. पाणी उडून गेल्याने मूठभर चान्यांतही भरपूर प्रथिनं आणि लोह असे. त्यांना शहरातल्या रोजच्या सॉसेजच्या मापाने मोजणं मला पटत नाही.

माळकऱ्यांना दूध, दही, ताकातून बी-१२ मिळतं, पण ते रोज आणि पुरेसं हवं. शरीरातला साठा कित्येक वर्षं पुरतो, म्हणून कमतरता उशिरा कळते: तळपायाला मुंग्या येतात, चालताना तोल जातो, विसरायला होतं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ती आणखी सहज होते, ते मटण खाणारे असले तरी. अशा वेळी नुसती फॉलिक ॲसिडची गोळी घेत राहिलं तर रक्त सुधारतं आणि नसांची हानी मात्र आतल्या आत चालूच राहते. म्हणून आधी बी-१२ तपासून घ्यावं.