भट्टीचं धुराडं: चुना गेला, सिमेंट आलं आणि भेगा पडायला लागल्या

मुंबईच्या उकाड्यात घरात फायरप्लेस कोण बांधणार, पण विटांची धुराडी या शहराने भरपूर पाहिलीत. कावसजी दावरांनी 1854 मध्ये ताडदेवच्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली, 1856 ला गिरणी सुरू झाली आणि मग लालबाग-परळपर्यंत कोळशाच्या बॉयलरची उंच धुराडी उभी राहिली. गिरण्यांना 1915 पासून खोपोलीची टाटांची वीज मिळायला लागली तसं वाफेचं काम कमी होत गेलं. 1982 च्या संपानंतर तर गिरण्याच बंद पडल्या, तरी बेकऱ्यांच्या लाकडावरच्या भट्ट्या चालूच राहिल्या, त्यामुळे धुराड्याच्या रिपेअरचा प्रश्नही राहिला.

जुनं बांधकाम चुन्यात व्हायचं. चुना, वाळू, सुरखी (विटांचा चुरा) घाणीत (चुना मळायच्या चक्कीत) मळून घ्यायची आणि वीट लावायची. विलायतेतही तेच. 1666 च्या आगीनंतर लंडन विटांत बांधलं गेलं, आणि तिकडच्या धुराड्यांना आतून चक्क चुना आणि शेणाचा गिलावा करायचे (आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही म्हणा). चुना विटेपेक्षा मऊ असतो, भट्टी तापली की वीट फुगते, थंड झाली की आकसते आणि ती हालचाल विटांमधला चुन्याचा सांधा पोटात घेतो, शिवाय आतली ओलही त्यातून बाहेर पडते.

मग सिमेंट आलं. ॲस्पडिनचं पोर्टलँड सिमेंटचं पेटंट 1824 चं, आपल्याकडे पोरबंदरचा कारखाना 1914 मध्ये उत्पादनात आला. झटपट घट्ट होतं, घाणी नको, चुन्यासारखं आधी भिजवत ठेवायला नको, त्यामुळे गवंड्यांनी चुना सोडला यात त्यांचा काय दोष, पण जुन्या धुराड्याच्या दर्जा (सांध्यांची बाहेरून दिसणारी तोंडं) सिमेंटने भरायची सवय लागली तिथे घोळ झाला. जुना सांधा स्क्रूड्रायव्हरने खरवडला तर चुना भुगा होऊन निघतो, सिमेंट मात्र विटेचा पापुद्रा सोबत घेऊन येतं. त्यात कोळशाच्या धुरातलं गंधक ओलीबरोबर सिमेंटशी रिअॅक्ट होतं, सांधा फुगतो, आणि वारा-पाऊस ज्या बाजूने जास्त लागतो तिकडचे सांधे जास्त फुगून अख्खं धुराडं वाकतं. आपला चार महिन्यांचा पाऊस बघता बाहेरून सिमेंटचा जाड गिलावा मारणं म्हणजे ओल आत कोंडून ठेवणंच.

जाळाच्या अगदी जवळचा भाग वेगळाच, तिथे चुनाही टिकत नाही. तिथे फायरब्रिक (जाळ सोसणारी वीट), फायरक्लेचे (तशाच मातीचे) बारीक सांधे, आणि बाहेरच्या विटकामापासून थोडी फट, म्हणजे आतलं अस्तर तापून पसरलं तरी बाहेरची भिंत ढकलत नाही. रिपेअरमध्ये ही फट हमखास बुजवली जाते आणि पुढच्या भेगा तिथूनच सुरू होतात.

ब्रिटनमध्ये 1960 च्या दशकात नव्या धुराड्यांना आतून लायनर (धूर जायची आतली वेगळी नळी) घालणं नियमातच आलं. आपल्याकडे हा विषय आता निघेल, कारण जानेवारी 2025 मध्ये मुंबई हायकोर्टाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना स्वच्छ इंधनावर जायला सहा महिन्यांची मुदत दिली. गॅसला काजळी कमी, पण धुरात वाफ भरपूर आणि तो तुलनेने थंड, त्यामुळे जुन्या रुंद धुराड्यात तीच वाफ भिंतीवर पाणी होऊन मुरते, म्हणून गॅसचा धूर तशाच धुराड्यात सोडायचा असेल तर आधी आतून लायनर घालावा, बाहेरची डागडुजी नंतर.