अनुयायी नेत्याला कसे घडवतात : एका विचाराची पार्श्वभूमी

नेता घडवतो आणि अनुयायी घडतात, ही समजूत इतकी रुळलेली आहे की नेतृत्वाच्या अभ्यासानेही दीर्घकाळ तिच्यापलीकडे फारसे पाहिले नाही. स्कॉटिश इतिहासलेखक थॉमस कार्लाइल यांनी १८४० मध्ये लंडनला दिलेल्या व्याख्यानांत जगाचा इतिहास म्हणजे थोर पुरुषांचे चरित्र, असा सिद्धान्त मांडला आणि तो पुढे अनेक दशके टिकला. इंग्रज तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सर यांनी १८७३ मध्ये त्यावर आक्षेप घेतला. थोर पुरुषाने समाजाला घडवण्याआधी समाजाने त्याला घडवलेले असते, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच्याही तीन शतके आधी एत्येन द ला बोएसी या तरुण फ्रेंच विचारवंताने जुलमी राजाची सत्ता लोकांच्या संमतीवर उभी असते आणि ती संमती काढून घेतली की सत्ता आपोआप कोसळते, असे लिहून ठेवले होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी हा विचार समाजशास्त्रात आला. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०८ मध्ये दाखवून दिले की वर्चस्व कधीच एकतर्फी नसते. वक्ता श्रोत्यांना जसा खेळवतो, तसे श्रोतेही त्याच्या बोलण्याला वळण देत असतात. माक्स वेबर यांच्या मते तर नेत्याचे दैवी वाटणारे तेज अनुयायांच्या मान्यतेवरच अवलंबून असते आणि अपेक्षित फळ दीर्घकाळ मिळाले नाही, तर ते विरून जाते. एका टेलिफोन कंपनीचे अध्यक्षपद सांभाळलेल्या चेस्टर बार्नार्ड यांनी १९३८ मध्ये हेच सूत्र व्यवस्थापनाला लावले : आदेशाला अधिकार आहे की नाही, हे आदेश देणारा नव्हे, तर तो ज्याला दिला आहे तो माणूस ठरवतो.

येथवरची मांडणी प्रामुख्याने तर्काची आणि अनुभवाची होती. प्रत्यक्ष प्रयोगाचा आधार देणाऱ्यांमध्ये हंगेरीचे मानसशास्त्रज्ञ फेरेन्स मेरेई यांचे नाव आधी घ्यावे लागेल आणि माझ्या मते या विषयातले सर्वांत मोलाचे काम त्यांचेच आहे. १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांनी लहान मुलांचे छोटे गट एकत्र खेळू दिले. कोणी कुठे बसायचे, कोणते खेळणे कोणाचे, कोणत्या खेळानंतर कोणता, असे रिवाज प्रत्येक गटात आपोआप तयार झाले. त्यानंतर वयाने मोठे आणि पुढाकार घेणारे एक मूल त्या गटात सोडण्यात आले. एकेकट्या सवंगड्यावर सहज हुकमत गाजवू शकणारे हे मूल गटाचे रिवाज बहुधा मोडू शकले नाही. काहींनी गट जे करणारच होता त्याचेच हुकूम सोडून आपले नेतेपण राखले. काहींनी आधी रिवाज स्वीकारले, मग त्यांत हळूहळू किरकोळ फेरफार केले. पुढारी आज्ञा देत होता हे खरे, परंतु कोणती आज्ञा पाळली जाईल हे गटाने आधीच ठरवून ठेवले होते.

दुसरा महत्त्वाचा प्रयोग १९६८ मधला, लोविन आणि क्रेग या संशोधकांचा. कडक देखरेखीमुळे काम बिघडते, असा निष्कर्ष त्या काळी सर्रास काढला जात असे. या दोघांनी कार्यकारणभावाची दिशा उलटून पाहिली. पर्यवेक्षकांच्या हाताखाली मुद्दाम कधी कुशल, तर कधी अकुशल काम करणारा माणूस ठेवला. अकुशल माणूस मिळालेले पर्यवेक्षक अधिक बारकाईने पाळत ठेवू लागले आणि त्यांचे वागणे कमी आपुलकीचे झाले. वरिष्ठाचा स्वभाव म्हणून आपण ज्याकडे बोट दाखवतो, त्यातला काही भाग कनिष्ठाच्या कामाने घडवलेला असतो, हे यातून स्पष्ट झाले.

या प्रभावाचे सर्वांत घातक रूप मात्र मौनाचे आहे. एप्रिल १९६१ मध्ये क्यूबाचे सरकार उलथवण्यासाठी अमेरिकेने आखलेली, तिथल्या किनाऱ्यावरील बे ऑफ पिग्ज येथील मोहीम फसली. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे सल्लागार आर्थर श्लेसिंजर यांनी मोहिमेविरुद्ध टिपणे लिहिली होती, तरी बैठकींत ते जवळजवळ गप्प राहिले. मानसशास्त्रज्ञ अरविंग जॅनिस यांनी १९७२ मध्ये अशा निर्णयांचे विश्लेषण करताना दाखवले की एकोपा जपण्याच्या ओढीने सहकारी शंका गिळतात आणि नेत्याला खोटे एकमत दिसते. १९६२ मध्ये क्यूबातील सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून उद्भवलेल्या पेचप्रसंगात मात्र केनेडी काही बैठकींपासून हेतुतः दूर राहिले, जेणेकरून सहकाऱ्यांना मोकळेपणाने बोलता यावे.

शंका पुढे न रेटण्याची किंमत विमानातही मोजावी लागते. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील विमानतळाच्या धावपट्टीवर दोन विमानांची टक्कर होऊन ५८३ जण मृत्युमुखी पडले. समोरचे विमान धावपट्टीवरून हटले आहे का, असा प्रश्न उड्डाण करणाऱ्या विमानाच्या फ्लाइट इंजिनिअरने विचारला होता. कॅप्टनने ठाम उत्तर दिले आणि प्रश्न तिथेच थांबला. या आणि अशा इतर अपघातांनंतर वैमानिकांच्या प्रशिक्षणात बदल झाले : कनिष्ठाने शंका स्पष्ट शब्दांत मांडावी, उत्तर न पटल्यास ती पुन्हा मांडावी आणि कॅप्टनने ती मागून घ्यावी, हे आता दोघांनाही शिकवले जाते.