केजरेटर

घरगुती फ्रिजमध्ये बिअरचे पिंप ठेवून, त्याला कार्बन डायॉक्साइड वायूचा दाब देऊन, दारावर किंवा माथ्यावर बसवलेल्या तोटीतून थंड बिअर थेट पेल्यात काढण्याची सोय. बिअरच्या धातूच्या पिंपाला इंग्रजीत ‘केग’ म्हणतात. त्याची ‘रेफ्रिजरेटर’शी सांधजोड होऊन हा शब्द अमेरिकेत रूढ झाला. वरून झाकण उघडणाऱ्या आडव्या डीप फ्रीझरपासून केलेल्या प्रकाराला ‘कीझर’ म्हणतात. कारखान्यात तयार झालेले केजरेटरही विकत मिळतात. या नोंदीत मुख्यतः जुन्या फ्रिजपासून घरी केलेल्या केजरेटरचा विचार केला आहे, कारण या वस्तूची खरी कारागिरी तिथेच दिसते.

उगम : अमेरिकेत दारूबंदी १९३३ मध्ये उठली, तरी घरी बिअर गाळणे बेकायदाच राहिले. घरगुती वाइनला मुभा होती, बिअरला नव्हती. सेनेटर ॲलन क्रॅन्स्टन यांनी सुचवलेली दुरुस्ती असलेल्या विधेयकावर राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केली आणि फेब्रुवारी १९७९ पासून एका प्रौढ व्यक्तीला वर्षाला १०० गॅलन, तर दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर करमुक्त गाळता येऊ लागली. राज्यांचे कायदे मात्र वेगवेगळे होते. मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांनी ही परवानगी २०१३ मध्ये दिली.

घरी २० लिटर बिअर केली की ती पन्नासेक बाटल्यांत भरावी लागते. त्या धुणे, निर्जंतुक करणे, बुचे ठोकणे हे सारे कंटाळवाणे काम असते. त्यातून सुटका झाली ती एका वेगळ्याच धंद्यामुळे. शीतपेयांचे सिरप हॉटेलांत पोचवण्यासाठी कॉर्नेलियस कंपनीची ५ गॅलनची, म्हणजे सुमारे १९ लिटरची, स्टेनलेस स्टीलची उंच पिंपे वापरली जात. पुढे सिरप खोक्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीतून येऊ लागले आणि ही पिंपे भंगाराच्या भावात बाजारात आली. घरी बिअर करणाऱ्यांनी ती उचलली आणि लाडाने त्यांना ‘कॉर्नी’ म्हणू लागले. पेप्सीच्या पिंपांची जोडणी ‘बॉल लॉक’ पद्धतीची, कोका-कोलाच्या पिंपांची ‘पिन लॉक’ पद्धतीची. दोन शीतपेय कंपन्यांमधला हा भेद आजही प्रत्येक नवख्याला शिकून घ्यावा लागतो, कारण एकाची जोडणी दुसऱ्याला बसत नाही.

फ्रिजची निवड : मोजपट्टी घेतल्याशिवाय फ्रिज विकत घेऊ नये. बॉल लॉक कॉर्नी सुमारे ६४ सेंमी उंच आणि २२ सेंमी रुंद असते. पिन लॉक थोडी बुटकी आणि किंचित जाड. मद्यनिर्मात्याकडून येणारे अमेरिकी ‘हाफ बॅरल’ पिंप ५८.७ लिटरचे, सुमारे ५९ सेंमी उंच आणि ४१ सेंमी व्यासाचे असते. भरलेल्या अवस्थेत त्याचे वजन सुमारे ७३ किलो भरते. फ्रिजमधली काचेची किंवा जाळीची फळी एवढा भार पेलत नाही. फळ्या काढून तळाशी जाड प्लायवुड टाकावेच लागते. छोट्या फ्रिजमध्ये मागच्या बाजूला कॉम्प्रेसरसाठी उंचवटा असतो. दाराच्या आतल्या बाजूला अंडी आणि बाटल्या ठेवण्यासाठी प्लास्टिकचे कप्पे घडवलेले असतात, ते अनेकदा कापून तिथे सपाट पत्रा किंवा फळी लावावी लागते. जोडणीचा भाग आणि वाकलेली नळी यांसाठी पिंपाच्या वर आणखी दहाएक सेंमी जागा ठेवावी.

आतली रचना : माठाच्या तोटीतून पाणी स्वतःच्या भाराने उतरते. केजरेटरमध्ये बिअर खालून वर चढते, म्हणून तिला मागून ढकलावे लागते. हे काम सिलिंडरमधला कार्बन डायॉक्साइड करतो. घरी बहुधा ५ पौंडांचा, म्हणजे सव्वादोन किलोंचा सिलिंडर असतो. त्यात वायू द्रवरूपात असतो आणि २१ अंश सेल्सिअसला आतला दाब सुमारे ५८ बार असतो (एक बार म्हणजे जवळपास वातावरणाच्या दाबाएवढा). रेग्युलेटर तो सहसा एका बारच्याही खाली आणतो. सिलिंडरचा काटा पाहून वायू किती उरला ते कळत नाही. आत द्रवाचा थेंब असेपर्यंत दाब तापमानावरच ठरतो, त्यामुळे सिलिंडर फ्रिजमध्ये ठेवला की काटा खाली येतो आणि नवखा माणूस वायू संपला असे समजतो. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरचे शास्त्र हेच आहे. उरलेला वायू वजन करूनच कळतो.

पिंपात वायूची एक नळी जाते आणि बिअरची एक बाहेर येते. कॉर्नीला या दोन जोडण्या वरच असतात. मद्यनिर्मात्याच्या पिंपाला मात्र एकच तोंड असते आणि त्यावर ‘सँकी’ जातीचा कपलर, म्हणजे जोडणीचा भाग, फिरवून बसवतात. अमेरिकेत ‘डी’, युरोपात बहुधा ‘एस’ प्रकारचा कपलर लागतो. मेजवानीत हातपंपाने हवा भरून पिंप वापरतात तेव्हा ती बिअर दिवसाभरात उतरते, कारण हवेतला प्राणवायू तिची चव बिघडवतो. शुद्ध कार्बन डायॉक्साइडखाली थंड ठेवलेले पिंप सहा-आठ आठवडे चांगले राहू शकते. केजरेटरचा खरा उपयोग हाच.

समतोल : तोटीतून नुसता फेस येणे ही सर्वांत सामान्य तक्रार. ती बहुतेक वेळा तोटीची नसून दाब, तापमान आणि नळी यांच्या समतोलाची असते. विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडलेल्या नियमानुसार द्रवात किती वायू विरघळेल ते दाबावर अवलंबून असते, आणि द्रव जितका थंड तितका वायू अधिक मावतो. ३ अंश सेल्सिअसच्या आसपास, ११ ते १२ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबाखाली, एका लिटर बिअरमध्ये सुमारे अडीच लिटर वायू विरघळलेला राहतो. बहुतेक फिकट बिअरला हे प्रमाण शोभते. तीच बिअर १० अंशांवर ठेवली तर तेवढाच वायू धरून ठेवायला १७ ते १८ पीएसआय दाब लागतो. फेस फार येतो म्हणून दाब कमी केला, तर विरघळलेला वायू नळीतच सुटू लागतो, फेस आणखी वाढतो आणि काही दिवसांत बिअर निर्जीव होते. दाब बिअरला हवा तेवढाच ठेवायचा आणि त्याला आवर नळीने घालायचा, हे ज्याला समजले त्याचे निम्मे काम झाले.

बिअरची नळी सहसा ४.८ मिमी आतल्या व्यासाची असते. अरुंद नळीत घर्षणाने दाब हळूहळू खर्च होतो आणि तोटीशी बिअर शांतपणे बाहेर पडते. तयार संचांसोबत बरेचदा दीड मीटर नळी येते. अनुभवी लोक ती काढून तीन मीटर लावतात आणि आत वेटोळे करून ठेवतात. नळी लांब झाली तर बिअर थोडी हळू येते, एवढेच. आखूड झाली तर पेला फेसाने भरतो.

भोक कुठे पाडायचे : फ्रिजचे रूप या एका निर्णयावर ठरते आणि हा निर्णय परत घेता येत नाही. दारातून तोटी काढली तर २२ ते २५ मिमीचे एक भोक पुरते. तोटीचा दांडा दारातून आरपार जातो आणि आतल्या थंडीला चिकटून राहतो. माथ्यावर तोटी बसवलेला चकचकीत मनोरा उभा करणे जास्त देखणे दिसते, पण मनोरा खोलीच्या उष्णतेत उभा असतो. त्यातली नळी तापते आणि पहिला पेला फेसाळतो. त्यावर उपाय म्हणून मनोऱ्याखालचे भोक पाच-सात सेंमी ठेवतात आणि संगणकातला छोटा पंखा लावून आतली थंड हवा वर खेळवतात. माझ्या मते घरच्यासाठी दारातली तोटीच उत्तम. मनोरा निवडणाऱ्याने पंखाही निवडलाच पाहिजे.

भोक पाडताना खरा धोका आत दडलेल्या शीतकाच्या, म्हणजे फ्रिज थंड करणाऱ्या वायूच्या, नळ्यांचा. दारात त्या सहसा नसतात. छोट्या फ्रिजच्या माथ्यात आणि बाजूंत असू शकतात. नवीन फ्रिजमध्ये शीतक म्हणून बहुधा आयसोब्युटेन हा ज्वलनशील वायू असतो; ड्रिलचे पाते नळीत शिरले तर फ्रिज तर जातोच, शिवाय ठिणगीचा धोका असतो. गरम नळ्या शोधण्याची अमेरिकी घरांत चालणारी एक युक्ती अशी : कॉर्नफ्लोअर स्पिरिटमध्ये कालवून पृष्ठभागावर पातळ थर द्यायचा आणि कॉम्प्रेसर चालू होऊ द्यायचा. नळीवरचा थर आधी वाळून पांढरी रेघ उमटते. तरीही आधी फक्त वरचा पत्रा कापावा आणि आतला फोम हाताने उकरून पाहावा. आडव्या फ्रीझरच्या भिंतींना तर भोक पाडूच नये, कारण त्या नळ्यांनी वेढलेल्या असतात. त्याऐवजी झाकण आणि पेटी यांच्यामध्ये लाकडी चौकट बसवून तोट्या तिच्यातून काढतात. फ्रीझर स्वतःच्या स्वभावाने बिअर गोठवेल, म्हणून त्याचा वीजपुरवठा बाहेरच्या तापमान-नियंत्रकातून देतात.

रूप : चौकटीमुळे कीझरला लाकडी कडा मिळते आणि हाच प्रकार अनेकांना सर्वांत सुंदर वाटतो. उभ्या फ्रिजचा पत्रा घासून, तेलकटपणा काढून, प्रायमरवर इपॉक्सी रंग दिला तर तो वर्षानुवर्षे टिकतो. दारावर फळ्याचा काळा रंग देऊन आज कोणती बिअर जोडली आहे ते खडूने लिहिण्याची पद्धत मला फार आवडते; सजावट आणि माहिती दोन्ही एकाच जागी येतात. लाकडाचे आच्छादन देताना सावध असावे. अनेक छोटे फ्रिज आतली उष्णता बाजूंच्या पत्र्यातून बाहेर टाकतात. तिथे लाकूड चिकटवले की कॉम्प्रेसर अखंड धापा टाकतो. मध्ये हवा खेळेल एवढी फट ठेवली तर अडचण येत नाही.

१९५०च्या दशकातले गोल खांद्यांचे फ्रिज या कामासाठी आवडीने शोधले जातात. त्यांचे दार बाहेरच्या खटक्याने बंद होई आणि आतून उघडत नसे. टाकून दिलेल्या अशा फ्रिजांत खेळताना मुले गुदमरून दगावली, म्हणून अमेरिकेत १९५६ मध्ये कायदा झाला आणि दारे आतून ढकलून उघडतील अशी करणे सक्तीचे झाले. असा फ्रिज घरात आणणाऱ्याने रंगाचा विचार करण्याआधी खटका काढून टाकावा आणि तिथे चुंबकपट्टी लावावी.

वायूची काळजी : कार्बन डायॉक्साइड हवेपेक्षा दीडपट जड असतो आणि त्याला वास नसतो. सव्वादोन किलो वायू सुटला तर सुमारे सव्वा घनमीटर जागा व्यापतो. तीन मीटर लांब-रुंद आणि पावणेतीन मीटर उंच बंद खोलीत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास जाते, आणि चार टक्केच जिवाला धोकादायक मानले जातात. तळघरात किंवा बंद खोलीत केजरेटर असेल तर वायूसूचक यंत्र लावावे. प्रत्येक सांध्याला साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत आणि वायसर वेळेवर बदलावेत. सिलिंडर आडवा कधीच ठेवू नये, कारण द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो.

महाराष्ट्रात : १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवता येत नाही, त्यामुळे अमेरिकेसारखी घरगुती बिअरची परंपरा इथे नाही. पिंपातून ताजी बिअर पेल्यात पडताना लोक पाहतात ती पुण्या-मुंबईतल्या मायक्रोब्रुअरींत. केजरेटर करणारा मराठी माणूस बहुधा परदेशातल्या घरात भेटतो.

निगा : नळीत बुरशी आणि आंबवणारे जिवाणू वाढतात, म्हणून दर दोन आठवड्यांनी अल्कधर्मी द्रावणाने नळी धुतात. बिअरमधल्या कॅल्शियम ऑक्झलेटचे कठीण किटण त्याने निघत नाही; त्यासाठी दर तीन महिन्यांनी आम्लयुक्त द्रावण फिरवतात. तोटी उघडून तिचे भाग सुटे करून घासावे लागतात. जुन्या बनावटीच्या तोटीत झडप मागच्या बाजूला असते, पुढे उरलेली बिअर वाळते आणि दोन दिवसांनी तोटी उघडण्याचा दांडा चिकटतो. झडप पुढे असलेली तोटी थोडी महाग पडते, पण आत हवा शिरत नसल्याने ती चिकटत नाही.