सन्मानाने मरणाचा हक्क आणि बेळगावचा सीमाभाग

बेळगाव, निपाणी, खानापूर भागातील मराठी माणसाला दयामरणाची चर्चा कळते ती बहुधा मुंबई-पुण्याच्या बातम्यांतून; त्याला लागू होणारे परिपत्रक मात्र बंगळूरहून निघालेले आहे.

ज्या खटल्याने हा विषय देशभर पोहोचला, त्यातील अरुणा शानभाग उत्तर कन्नड जिल्ह्यातील हळदीपूरच्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका असताना १९७३ मध्ये त्यांच्यावर अत्याचार झाला आणि २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या तिथेच अंथरुणाला खिळून राहिल्या. त्यांना दयामरण मिळावे यासाठीची याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली. पण उच्च न्यायालयाच्या परवानगीने अशा रुग्णांचे जीवरक्षक उपचार थांबवता येतील, हे त्याच निकालात मान्य झाले. पुढे ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने सन्मानाने मरण हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला आणि आगाऊ वैद्यकीय इच्छापत्रालाही, म्हणजे पुढे बोलता येईनासे झाले तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्यालाही, मान्यता दिली. प्राणघातक औषध देणे मात्र आजही गुन्हाच आहे.

स्वेच्छेने स्वीकारलेले मरण या मातीला अपरिचित नाही. निपाणीजवळच्या भोज गावाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, त्या आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये कुंथलगिरीला सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी हळूहळू सोडून मरण स्वीकारण्याचे जैन व्रत, घेतली. राजस्थान उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये या व्रताला आत्महत्या ठरवले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात त्या निकालाला स्थगिती दिली. अर्थात व्रत वेगळे आणि अतिदक्षता विभागातला निर्णय वेगळा. तिथे रुग्ण बहुधा बोलण्याच्या स्थितीत नसतो आणि नातेवाईक ‘स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत’ अशी सही करून त्याला घरी आणतात. या सहीचे ओझे घरच्यांच्या मनावर वर्षानुवर्षे राहते, म्हणून रीतसर प्रक्रिया हवी.

२०१८ची प्रक्रिया फार किचकट होती. जानेवारी २०२३ मध्ये ती सुलभ झाली: इच्छापत्रावर दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरेसे ठरले, आणि उपचार थांबवण्याआधी दोन वैद्यकीय मंडळांची संमती आवश्यक राहिली. त्यानुसार कर्नाटकाच्या आरोग्य खात्याने ३० जानेवारी २०२५ रोजी परिपत्रक काढले. दावणगेरेच्या निवृत्त शिक्षिका एच. बी. करिबसम्मा यांनी या हक्कासाठी अनेक वर्षे पाठपुरावा केला होता.

सीमाभागाची अडचण इथून पुढे सुरू होते. निपाणीचा रुग्ण कोगनोळी नाका ओलांडून कोल्हापूरला किंवा मिरजेला दाखल होतो. न्यायालयाचे निर्देश दोन्हीकडे सारखेच असले, तरी मंडळावर डॉक्टर नेमणारा जिल्हा आरोग्य अधिकारी तिथे महाराष्ट्राचा असतो. संसदेने स्वतंत्र कायदा अजून केलेला नाही. तो होईल तेव्हा एका राज्यात नोंदवलेले इच्छापत्र दुसऱ्या राज्यातील रुग्णालयाला तातडीने पाहता यावे, ही तरतूद त्यात असलीच पाहिजे.